साइडवॉकसाठी घरासमोरची दहा फूट जागा मागताहेत, काय करावं?

मैलरस्ता | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या वायव्येला एका उपनगरात राहतो. घर 'माइल रोड'वर आहे. इकडे दर मैलाला एक सरळसोट पूर्व-पश्चिम रस्ता, आणि त्यांना नावांऐवजी आकडे. डेट्रॉइटची उत्तरेची हद्द म्हणजे एट माइल, तिथून वर मोजत यायचं. आमचा रस्ता अजून दोन पदरी, दोन्ही बाजूंना खडीची साइडपट्टी, मग पावसाच्या पाण्याचा चर, आणि चर ओलांडला की लोकांची हिरवळ. चालायला जागा नाही.

गेल्या शुक्रवारी जाड पाकीट आलं. आत नकाशा, त्यावर आमच्या पुढच्या अंगणाची ११० फूट लांबी आणि तिला लागून पिवळ्या हायलायटरने ओढलेला दहा फुटी पट्टा. शहराला आमच्या बाजूने आठ फुटी 'सेफ्टी पाथ' करायचाय (साइडवॉकच्या रुंद भावाला या भागात हेच नाव). त्यासाठी ११०० चौरस फूट कायमची आणि मागे आणखी पंधरा फूट कामापुरती. मोबदला ३,८५० डॉलर. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय की आपसांत जमलं नाही तर शहर आपला एमिनंट डोमेनचा (सक्तीने जमीन घ्यायचा) अधिकार वापरू शकेल. भाषा इतकी अदबशीर की दम दिलाय हे मला दुसऱ्या वाचनात कळलं.

त्या पट्ट्यात आमची टपालपेटी, स्प्रिंकलरची पाइपलाइन, बायकोचे ट्यूलिप आणि एक शुगर मेपल आहे. मेपल आमच्या आधीपासूनचा, बुंधा कवेत मावत नाही.

आता खरी गोची. साइडवॉक हवा म्हणून दोन वर्षांपूर्वी दारोदार सह्या गोळा करणाऱ्यांत मीही होतो. आबा (वडील, वय ७४) उन्हाळ्यात सहा महिने इकडे येतात आणि रोज सव्वा मैलावरच्या लायब्ररीत चालत जातात, साइडपट्टीवरून. बाजूने गाड्या ताशी पन्नास मैलांनी. मी त्यांना फ्लुरोसंट जाकीट आणून दिलं. ते घालून ते निघाले की रस्तादुरुस्तीचा माणूस समजून लोक गाड्या हळू करतात, एवढाच फायदा.

तर, सही करावी का? वकील करावा का? कुणाला अनुभव?

गप्पीदास | १२ एप्रिल, रात्री १०:०२

सह्या गोळा करताना वाट शेजाऱ्याच्या अंगणातून जाईल असं वाटलं होतं का? :)

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

मैलरस्ता | १२ एप्रिल, रात्री १०:०९

खरं सांगू? हो. पलीकडच्या बाजूने जाईल असंच वाटलं होतं. तिकडे शेत आहे.

सातबारा | १२ एप्रिल, रात्री ११:३१

एक इंच देऊ नका. या देशात आपण आलो ते मालकी हक्काला किंमत आहे म्हणून. भारतात १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३०० अ मध्ये नेऊन ठेवला. इथे तो अजून घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत आहे.

दोन निकाल वाचा. एक, ओरेगनमधल्या टिगार्ड गावाचा, १९९४. एका बाईंना आपलं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान वाढवायचं होतं. गावाने अट घातली की नाल्याकाठची पूररेषेतली जागा आणि वर पंधरा फुटी पट्टा चालण्या-सायकलीच्या वाटेसाठी द्या. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी गावाला सुनावलं की तुमची मागणी आणि त्या दुकानामुळे पडणारा भार यांचं प्रमाण जुळलं पाहिजे. दोन, नॅशव्हिल. तिथे २०१७ पासून नियम होता, घर बांधायचं तर साइडवॉक बांधून द्या नाहीतर पैसे भरा, आणि जागेवर हक्कही लिहून द्या. २०२३ मध्ये सहाव्या सर्किट कोर्टाने (काही राज्यांसाठीचं केंद्रीय अपील कोर्ट) टिगार्डची कसोटी त्यालाही लावली. मिशिगन त्याच सहाव्या सर्किटमध्ये येतं. तुमच्या हातात आयतं हत्यार आहे.

वकीलपत्र | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

सातबारा, निकाल बरोबर सांगितलेत, पण हत्यार या लढाईतलं नव्हे. टिगार्ड आणि नॅशव्हिल दोन्हीकडे माणूस परवानगी मागायला गेला होता आणि शहराने अडवणूक करून जागा किंवा पैसा *फुकट* मागितला. मैलरस्ता यांनी काहीच मागितलेलं नाही. शहर स्वतःहून आलंय आणि पैसे देऊ करतंय. हे सरळसरळ संपादन आहे.

(मी इलिनॉयमध्ये वकिली करते, मिशिगनमध्ये नाही. तेव्हा हा सल्ला नव्हे, गप्पा आहेत.)

सार्वजनिक कामासाठी मालकाची मर्जी नसतानाही जमीन घ्यायचा सरकारचा अधिकार म्हणजे एमिनंट डोमेन. त्याला पाचव्या दुरुस्तीने दोन वेसणी घातल्या, काम सार्वजनिक हवं आणि मोबदला रास्त हवा. आजवरची सगळी मोठी भांडणं पहिल्या वेसणीवरून झाली. तुमच्या मिशिगनचा इतिहास तर त्यात कुप्रसिद्धच. १९८१ मध्ये डेट्रॉइटमधली पोलटाउन ही वस्ती जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी उठवली, चार हजारांवर माणसं हलवली आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याला हो म्हटलं. २००४ मध्ये त्याच कोर्टाने आपलं चुकलं म्हणून तो निकाल फिरवला. पुढच्याच वर्षी देशाच्या सुप्रीम कोर्टाने कनेटिकटमधल्या न्यू लंडन शहराच्या बाजूने, पुन्हा पाच-चारच, निकाल दिला. राहती घरं घेऊन खासगी विकासकाला देणं हेही सार्वजनिक काम ठरलं. घरं गेली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे नुसतं गवत उगवलं. त्या संतापात चाळीसहून जास्त राज्यांनी कायदे बदलले. मिशिगनने २००६ मध्ये लोकमत घेऊन घटनाच बदलली. राहतं घर घेतलं तर बाजारभावाच्या किमान १२५ टक्के द्यायचे.

पण साइडवॉक! रस्ता, पूल, साइडवॉक ही सार्वजनिक कामाची बाराखडी आहे. 'हे लोकोपयोगी नाही' म्हणत कोर्टात गेलात तर न्यायाधीश घड्याळाकडे बघतील. भांडायचं तर दोनच गोष्टींवर. *एवढी* जागा खरंच लागते का, आणि आकडा बरोबर आहे का.

मिशिगनच्या १९८० च्या कायद्याप्रमाणे आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो, तो तुम्हाला आलाय. जमलं नाही तर शहर दावा लावतं. 'एवढी गरज नाही' हा आक्षेप दाव्याचं उत्तर द्यायच्या मुदतीतच घ्यावा लागतो, नंतर ते दार बंद. रकमेचं भांडण मात्र पुढे चालू राहतं. आणि तुमच्याकडे एक चांगली सोय आहे. प्रस्तावापेक्षा जास्त रक्कम पदरात पडली तर त्या फरकाच्या एक तृतीयांशापर्यंत वकिलाची फी शहर भरतं. तेव्हा वकील परवडत नाही म्हणून घाबरून सही करू नका. अर्थात ३,८५० डॉलरच्या प्रकरणात फरक कितीसा निघणार, हेही वकील तोंडावर सांगेलच.

डांबरट | १३ एप्रिल, सकाळी ९:४८

बावीस वर्षं रस्त्यांची ड्रॉइंग्ज करतोय, त्यामुळे राहवत नाही.

मैलरस्ता, पहिलं काम: रस्त्याच्या मध्यरेषेपासून तुमची हद्द किती फुटांवर आहे ते प्लॅटच्या (प्लॉटांच्या हद्दी दाखवणाऱ्या) नकाशात बघा. माझा अंदाज ३३ फूट. जुन्या मैलरस्त्यांची रुंदी ६६ फूट, म्हणजे एक साखळी. अर्धी साखळी इकडे, अर्धी तिकडे. ही तीच गुंटरची साखळी जी इंग्रजांनी आपल्याकडे नेली. आपला गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. म्हणजे त्यांनी तुमच्याकडे जवळजवळ एक गुंठा मागितलाय!

आता बाजूला कागद घ्या. मध्यरेषेपासून १२ फूट डांबर. मग ८ फूट साइडपट्टी. झाले २०. तिथून चर सुरू होतो, उतरता-चढता धरला तर ३२ पर्यंत जातो. चराच्या पलीकडे दोन फूट सोडून आठ फुटी वाट: ३४ ते ४२. वर एक फूट मोकळा. ४३. तुमची हद्द ३३ वर. म्हणून दहा फूट.

जागा वाटेने नाही खाल्ली, चराने खाल्ली. चरात पाइप टाकून तो बुजवला तर तीच वाट २४ ते ३२ मध्ये बसते, हद्दीच्या आत. मग शहर का करत नाही? कारण पाइपला पैसे लागतात आणि तुमची जमीन साडेतीन डॉलर फुटाने मिळतेय. डिझाइन करणाऱ्याच्या स्क्रीनवर तुमचा मेपल म्हणजे हिरवा गोल असतो, कधीकधी तोही नसतो. (मी पण पुसलेत. कबुली.)

आणि लेखी विचारा: हा पट्टा फक्त वाटेसाठी आहे, की उद्या रस्ता रुंद करायची तजवीज आहे? या मैलरस्त्यांच्या आराखड्यांत पुढेमागे १२० फूट रुंदी धरलेली असते.

गावठाण | १३ एप्रिल, रात्री ८:२० (भारतीय वेळ)

रोचक धागा. पुण्यात वास्तुरचनाकार आहे, म्हणून इकडची बाजू.

आपल्याकडे रोख मोबदला ही गोष्ट शहरात कुणी मनावर घेत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा आखतात. तुमचं घर त्या रेषेत आलं की पुनर्बांधणीच्या वेळी मागे सरायचं, त्यालाच आपण सेटबॅक म्हणतो, आणि गेलेल्या जागेचा एफएसआय (बांधकामाचा हक्क) उरलेल्या प्लॉटवर वापरायचा नाहीतर टीडीआर (तोच हक्क दुसरीकडे वापरायची मुभा) घ्यायचा. आराखड्यातलं आरक्षण असेल तर नगररचना कायद्याचं कलम १२६. आणि दहा वर्षांत घेतलं नाही तर कलम १२७ ची खरेदी सूचना ('घ्या नाहीतर सोडा' अशी मालकाची नोटीस), मग आणखी २४ महिने. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना १२७ तोंडपाठ असतं.

गंमत अशी की एक प्लॉट मागे सरतो, शेजारचा सरत नाही. त्यामुळे रस्ता कवळी काढलेल्या तोंडासारखा दिसतो. फुटपाथ वीस पावलं आहे, मग भिंत, मग पुन्हा वीस पावलं. इंडियन रोड्स काँग्रेसची (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) अपेक्षा निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी. मागच्या वर्षी... नाही, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने फुटपाथ हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. माझ्या ऑफिसखालच्या फुटपाथवर त्या दिवशी सकाळी विजेचा डीपी बॉक्स, पाणीपुरीची गाडी आणि एक बंद पडलेली रिक्षा होती. संध्याकाळीही होती.

गेला_ओटा | १३ एप्रिल, रात्री ९:०५ (भारतीय वेळ)

लॉगिन आत्ताच केलं, हे वाचून.

आमचं घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत. गाव कुठलं ते सोडा. रस्तारुंदीत आमचा ओटा गेला. ओटा म्हणजे सहा फूट बाय अठरा. आजोबा त्यावर बसून वसुलीच्या वह्या लिहायचे, आई संध्याकाळी वाती वळायची, लग्नात वऱ्हाड त्याच्यावरच बसलेलं. जेसीबी आला सकाळी सातला. आदल्या रात्री आम्ही फरशा स्वतः काढून घेतल्या, कडाप्पा होता, फुटू नये म्हणून. काकांनी एकेक फरशी पोत्यात गुंडाळली.

फुटपाथ करणार म्हणून सांगितलं होतं. केलाही. लाल-पिवळे ब्लॉक बसवले. आता पायरी संपते तिथे फुटपाथ सुरू होतो आणि त्यावर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत समोरच्या क्लासच्या पोरांच्या गाड्या. आई ७९ वर्षांची. दोन गाड्यांच्या हँडलांमधून आडवी होऊन रस्त्यावर उतरते आणि मग रस्त्यानेच चालते.

जागा गेल्याचं दुःख इतकं नाही. ती चालायला वापरली असती तर मी चार लोकांत मिरवलं असतं.

कडाप्पा अजून माळ्यावर आहे.

सातबारा | १३ एप्रिल, दुपारी ३:३०

मी हेच सांगतोय! एकदा हातातून गेली की पुढे ती जागा कशाला वापरतात यावर तुमचं काही चालत नाही.

चाकोरी | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

सगळे प्रतिसाद वाचले. हद्द, मेपल, ओटा, टीडीआर. चालणाऱ्याचा उल्लेख दोन ठिकाणी, आणि तोही म्हाताऱ्या आई-वडिलांच्या रूपाने.

मी ४१ वर्षांची आहे. अकरा वर्षांपासून व्हीलचेअरवर. न्यू जर्सीतल्या ज्या गावात राहते तिथे माझ्या घरापासून फार्मसी सातशे फूट. मध्ये साइडवॉक आहे, मग चार घरं नाही, मग पुन्हा आहे. त्या चार घरांच्या मालकांनी कधीकाळी 'एक इंच देणार नाही' म्हटलं होतं, असं ऐकते. तिथे मी साइडवॉकच्या शेवटच्या ड्राइव्हवेवरून रस्त्यावर उतरते, रहदारीला तोंड करून चार घरं जाते, आणि पुढच्या ड्राइव्हवेने वर चढते. पावसात हिरवळीवरून जायचा प्रयत्न एकदा केला. पुढची चाकं घोट्याइतकी रुतली. हिरवळीचा मालक धावत आला, मदत केली, कॉफी विचारली. फार सज्जन माणूस. जागा देत नाही.

अपंगांसाठीचा कायदा १९९० चा. २००२ मध्ये सॅक्रामेंटोच्या खटल्यात नवव्या सर्किट कोर्टाने साइडवॉक हाही शहराच्या सेवेचाच भाग, त्याला हा कायदा लागू, असं सांगितलं. पण कायदा *असलेला* साइडवॉक सरळ करायला लावतो. नसलेला कुठून आणणार? त्याला जमीन लागते आणि ती कुणाच्या तरी अंगणातून येते.

२००९ मध्ये या देशात ४,१०९ पादचारी गाड्यांखाली मेले. २०२२ मध्ये ७,५२२. मैलरस्ता, तुम्ही वाईट माणूस नाही. सही करा, झाड वाचवा, भांडून जास्त पैसे घ्या, सगळं करा. फक्त 'देऊ नका' वाल्यांचं ऐकू नका.

सातबारा | १३ एप्रिल, रात्री १०:१२

चाकोरी, तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, पण भावनेवर कायदा चालत नाही.

चाकोरी | १३ एप्रिल, रात्री १०:१९

वाईट वाटून घेऊ नका. वाट सोडा.

डांबरट | १३ एप्रिल, रात्री १०:४०

:) हा प्रतिसाद फ्रेम करून ऑफिसात लावणार.

वकीलपत्र | १४ एप्रिल, सकाळी ६:५०

एक राहिलं. शहर जागेची *मालकी* मागतंय की *ईझमेंट*, ते कागदात बघा. ईझमेंट म्हणजे आपल्या शेतातल्या वहिवाटीसारखं, जमीन तुमची, वाट लोकांची. मालकी दिलीत तर तुमची हद्द मागे सरते, आणि घराचं पुढचं अंतर नव्या हद्दीपासून मोजलं तर घर नियमाला कमी पडू शकतं. उद्या पोर्च काढायला गेलात की ते आडवं येईल.

आणि कर्ज चालू असेल तर बँकेला कळवा. तारण त्यांच्याकडे आहे, मोबदल्याच्या चेकवर त्यांचंही नाव येऊ शकतं.

मैलरस्ता | २१ जून, रात्री ९:१५

उशिराबद्दल क्षमस्व. बरंच काही झालं.

डांबरटराव, तुमच्या तोंडात साखर. हद्द ३३ फुटांवरच. कागदावर कळलं, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. मोजणीवाला आणायचा म्हणजे आठशे डॉलर, म्हणून आधी आपणच हद्दीची खुंटी शोधू म्हटलं. मेमध्ये आबा आलेच होते. भाड्याने मॅग्नेटिक लोकेटर आणलं, पिवळी काठी, लोखंडाजवळ नेली की कुईंss करते. तासभर बाटल्यांची बुचं, एक जुना बिजागर आणि अर्धी कात्री सापडली. मग चराच्या काठापासून पाऊलभर आत काठी किंचाळली. आबा गुडघ्यावर बसले, खुरप्याने नऊ इंच खाली गेले. लोखंडी सळईचं डोकं निघालं, वर मळकी नारिंगी प्लास्टिकची टोपी, तीवर मोजणीदाराचा नंबर. आबांनी बोटाने माती पुसली, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे असती तर एव्हाना बांधकऱ्याने चार फूट सरकवली असती."

त्यांना 'गुंठाभर मागतायत' हे सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, गुंठा दे, पण मोजून दे.

टेपने मोजलं तर मेपलचा बुंधा ३८ फुटांवर. म्हणजे त्यांच्या नकाशातल्या वाटेच्या ऐन मधोमध. विजेचा खांब ३० वर. एकट्याने बोलून उपयोग नव्हता, म्हणून डाव्या-उजव्या मिळून चार घरांनी एकत्र पत्र दिलं की चर पाइपमध्ये घाला, वाट हद्दीत बसवा, आम्ही अडवत नाही. सोबत डांबरटरावांच्या प्रतिसादातला छेद इंग्रजीत काढून जोडला. रस्ता काउंटीचा, वाट शहराची, त्यामुळे पहिले तीन आठवडे दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत होती. सरकारी काम तिथून इथून सारखंच.

नंतर एक तरुण इंजिनिअर प्रत्यक्ष आली. चरात उतरली, बूट भरवून घेतले, मेपलभोवती फिरली. "नकाशात हे झाड नव्हतं," एवढंच बोलली.

डांबरट | २१ जून, रात्री ९:५०

सांगितलं होतं ना. हिरवा गोलसुद्धा नाही.

गावठाण | २२ जून, सकाळी १०:३० (भारतीय वेळ)

चार मालक एका कागदावर! आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यांवर चार सह्या मिळायला अडीच वर्षं लागली.

सातबारा | २२ जून, सकाळी ८:०५

मोबदल्याचं काय झालं? चर बुजवला म्हणून फुकट देताय की काय?

मैलरस्ता | ९ ऑगस्ट, रात्री ८:३०

फुकट नाही. वाट आता जवळजवळ सगळी ३३ च्या आत. फक्त विजेच्या खांबाला वळसा घालायला ४० फूट लांबीत चार फूट बाहेर येते. म्हणजे ११०० ऐवजी १६० चौरस फूट, तेही ईझमेंट, मालकी नाही. त्याचे आणि कामापुरत्या वापरलेल्या जागेचे मिळून १,४०० डॉलर. शिवाय स्प्रिंकलर ते नव्याने बसवून देणार, टपालपेटी हलवणार, ड्राइव्हवेखालची मोरी नवी. बँकेच्या एका कागदापायी सहा आठवडे गेले, वकीलपत्रताईंनी सावध केलं नसतं तर आणखी गेले असते. कायद्याची धमकी पुन्हा कुणी काढली नाही. आम्हीही काढली नाही.

पाइपच्या खोदाईत मेपलची रस्त्याच्या बाजूची मुळं तुटणार. झाडांचा जाणकार म्हणाला, तग धरेल, तीन वर्षांनी नक्की कळेल. ट्यूलिपचे कांदे बायकोने काढून गराजमध्ये ठेवलेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. गेला_ओटा, तुमच्या कडाप्प्याची आठवण झाली.

गेला_ओटा | १० ऑगस्ट, सकाळी ७:४० (भारतीय वेळ)

कांदे परत लावता येतात. लावा.

मैलरस्ता | २ ऑक्टोबर, रात्री ९:००

काँक्रीट पडलं. दोन दिवस दोऱ्या लावून ठेवल्या होत्या, तिसऱ्या दिवशी सकाळी आबा जाकीट न घालता निघाले. सवयीने ते साइडपट्टीवरूनच शंभर पावलं गेले आणि मग कुणीतरी हाक मारल्यासारखे थांबले, वळले, वाटेवर चढले.

आमच्या बाजूची वाट अजून लायब्ररीपर्यंत पोचलेली नाही. मध्ये दोन घरं आहेत. तिथले मालक कोर्टात गेलेत.

चाकोरी | २ ऑक्टोबर, रात्री ९:२२

तुमच्याकडे दोन. आमच्याकडे अजून चार.

सातबारा | २ ऑक्टोबर, रात्री ११:१०

कोर्टात गेलेल्यांचं अभिनंदन.

गप्पीदास | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

धागा वर काढतोय. मिशिगनात परवा बर्फ पडलं म्हणे. त्या वाटेवरचं बर्फ काढतं कोण?

मैलरस्ता | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मी! शहराचा नियम आहे, ज्याच्या घरासमोर त्याने काढायचं, नाहीतर दंड. ११० फूट लांब, आठ फूट रुंद. आबा ऑक्टोबरअखेर परत गेले. व्हिडिओ कॉलवर विचारत होते, "पूर्ण रुंदी काढलीस ना? एखादी खुर्ची यायची." हा धागा मी त्यांना वाचून दाखवला होता.

पाठ गेली आहे. बाकी ठीक.

नवी_सोयरीक | २३ नोव्हेंबर, दुपारी २:०५

नमस्कार, ओहायोहून. आम्हालाही तसंच पत्र आलंय, सात फूट मागताहेत. धागा वाचून पहिल्यांदा हद्द बघायचं ठरवलं. ती पिवळी काठी कुठे मिळते? आणि खणताना काही काळजी?

मैलरस्ता | २३ नोव्हेंबर, दुपारी २:३०

टूल रेंटलच्या दुकानात विचारा, दिवसाच्या भाड्याने मिळते. खणण्याआधी ८११ ला फोन करा, फुकट येऊन गॅस-विजेच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात. आणि खुंटी सापडली तर उपटू नका, फोटो काढा, शेजाऱ्यालाही बोलावून दाखवा, माती परत लोटून द्या. जमीन गोठायच्या आत उरका.